पडद्यावरची बायडाबाई

आमच्या ऑफिसात रोज कुठली ना कुठली म्हातारी यायची. पायानं नव्हे, फोनवरून.

"म्याडम, कोंडाबाई आलीया."

"कधी आली?"

"सकाळधरनं बसलीया बघा. हालायचं नाव न्हाई."

फोन मी उचलायचे. नगरला सावेडीत, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर जे कॉम्प्युटर असतात, दूध तोलतात, ज्यावर दुधाचा भाव ठरतो ती फॅट दाखवतात, पावती छापतात, त्यांचं सॉफ्टवेअर तिथं तयार व्हायचं. तयार करायचे दुसरे आणि शिव्या खायचे मी. पडद्यावर लाल पट्टी आली की केंद्रचालकाचा पहिला फोन मला. मला कोडमधलं ओ की ठो कळत नसे, पण काही बिघडत नव्हतं. मी एवढंच विचारायचे, "कोण आलीय?" कोंडाबाई म्हणजे वजनकाटा जोडलेला नाही. गजराबाई म्हणजे प्रिंटर अडलाय. ठकूबाई म्हणजे इंटरनेट गेलंय. नवा माणूस ऑफिसात आला की त्याला वाटायचं, आपण चुकून वृद्धाश्रमात शिरलो.

ही सगळी करणी मनकर्णाची. ती मिरजगावची, ऑफिसात कोड लिहायची, आणि माझी खोलीतली जोडीदारीण. तिला आजीचं नाव ठेवलेलं. कॉलेजात मैत्रिणी मागे लागल्या होत्या, नाव बदलून घे म्हणून. ही म्हणाली, "भरल्या वर्गात हाक मारली तरी मी एकटीच वळते. असलं नाव कोण सोडतं?" तिचं पुढचं सगळं काम म्हणजे याच एका वाक्याचा पसारा होता, असं मला आता वाटतं.

ती आली तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये जिथं तिथं एकच वाक्य होतं, 'काहीतरी चुकले आहे.' काय चुकलंय, कुठं चुकलंय, देव जाणे. सॉफ्टवेअर चालताना आपण काय करतोय ते ओळीनं लिहून ठेवत असतं, त्याला लॉग म्हणतात. त्या लॉगमध्येही हेच. कोडमध्ये सर्च मारला की हे वाक्य शेकडो ठिकाणी सापडायचं, म्हणजे कुठंच सापडायचं नाही. दुसऱ्या एका शहाण्यानं वाक्य तोडून लिहिलेलं. मध्ये केंद्राचा नंबर, मध्ये शेतकऱ्याचं नाव आणि उरलेले तुकडे दोन बाजूंना. पडद्यावर ते जुळून छान दिसे, पण तेच वाक्य कोडमध्ये शोधायला जावं तर सापडत नसे, कारण तसं सलग ते कुठं लिहिलेलंच नव्हतं. एकदा अकोल्याकडच्या एका केंद्रावर सकाळचं सगळं दूध त्यापायी नासलं. चूक सापडली तेव्हा दूध म्हशीलासुद्धा पाजण्यासारखं उरलं नव्हतं.

त्यानंतर मनकर्णानं नियम घातले. वाक्य तोडायचं नाही. बदलणारं जे असेल, नंबर, नाव, आकडा, ते सगळं वाक्याच्या शेवटी. आणि प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी एक नाव, जे सबंध कोडमध्ये दुसरीकडे कुठंही नसेल. नाव देण्याआधी सर्च मारायचा. सापडलं तर दुसरं शोधायचं. एकदा दिलं की बदलायचं नाही.

"इंग्रजी कोड टाक की," ज्ञानेश्वर सर म्हणाले होते. सर म्हणजे मालक.

"केंद्रावरची माणसं फोनवर इंग्रजी वाचून दाखवणार का, सर? आपल्या गावाकडच्या म्हाताऱ्यांची नावं घालू. ती कुणी विसरत नाही, आणि दोन म्हाताऱ्यांची गल्लत गावात कधी होत नाही."

सर आधी हसले. मग फोनवरच्या तक्रारी मिटायला लागल्या आणि हसणं थांबलं. कुठल्या तरी प्रदर्शनात ते हीच गोष्ट सांगताना मी स्वतः ऐकलंय. "मी म्हटलं, म्हाताऱ्यांची नावं घाला." ऐकून मनकर्णा नुसती हसली. तिला वाटायचं, कंपनी आपलीच आहे. सर म्हणायचेच तसं, "ही कंपनी तुझी नि माझी." आणि ही भोळी बाई ते खरं धरून चालली होती.

सगळ्यात आधी तिनं जे नाव दिलं ते स्वतःच्या आईचं. 'बायडाबाई: मशीनने फॅट दिली नाही, नमुना परत लावा.' फॅट मोजणारं मशीन कधी कधी अडकतं, उत्तरच देत नाही. तेव्हा ही पट्टी यायची आणि सॉफ्टवेअर तिथंच थांबायचं. नमुना परत लावून फॅट मोजल्याशिवाय पुढच्या माणसाचं दूध घेता येत नसे.

"आईचं नाव इथंच का?" मी विचारलं होतं.

"कारण कुणाचंही दूध मोजल्याबिगर पुढं जाऊ नये. माझी आई तिथं असती तर अशीच दारात आडवी झाली असती."

बायडाबाईंना याचं भारी अप्रूप. त्यांच्याकडे एक गाय, दूध मिरजगावच्या केंद्रावर. तिथला चालक भागवत पट्टी आली की ओरडायचा, "बायडाबाई आली!" आणि या रांगेतून म्हणायच्या, "म्या कवाची हितं हुबी हाय रं, आंधळ्या." सगळी रांग हसायची. लेकीनं आपल्याला कॉम्प्युटरात बसवलं, असं त्या पाव्हण्यारावळ्यांना सांगत.

मग स्नेहल आली. राजूरची, नुकती शिकून बाहेर पडलेली. राहायला जागा नव्हती, तर मनकर्णा तिला आमच्या खोलीवर घेऊन आली. मी कुरकुर केली, कारण खोलीत दोन माणसांना वळायला जागा नव्हती. मनकर्णानं स्वतःची कॉट तिला दिली आणि आपण खाली चटईवर. ताटातली भाकरी दिली, अंगावरचा स्वेटर दिला, आणि काम तर असं शिकवलं की सख्ख्या बहिणीला कुणी शिकवणार नाही. नियम पाठ करून घेतले. स्नेहल तिला 'मनूताई' म्हणायची. मलाही ती आवडायला लागली होती, हे सांगताना आज मला चीड येते.

दरम्यान केंद्रांकडून एक वेगळीच तक्रार यायला लागली. बायडाबाई आली की रांग अडते, लोक खोळंबतात, दूध न्यायची गाडी उशिरा निघते. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक दूध संघ, त्यांचे अध्यक्ष सरांवर चिडले. सरांनी स्नेहलला केबिनमध्ये बोलावलं आणि एक नवा पडदा करायला सांगितलं, झटपट चालणारा. मशीन अडकलं तर थांबायचं नाही, आधीच्या माणसाची जी फॅट लागली तीच पुढच्याला लावायची आणि रांग हलती ठेवायची. मनकर्णाला हे सांगायचं नाही, तेही बजावलं. ती ऐकणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

स्नेहलनं जुन्या पडद्याचा कोड उचलून नव्यात डकवला. थांबण्याचा भाग काढला, आधीच्याची फॅट लावायचा भाग घातला. घाईत ते वाक्य मात्र जसंच्या तसं राहिलं, म्हणजे बायडाबाईसुद्धा. नवा पडदा पहिल्यांदा गेला तो संघाच्या मिरजगावच्या केंद्रावर.

तिथं रंगुबाई म्हणून एक म्हातारी आहे, बायडाबाईंची शेजारीण. तिची म्हैस म्हणजे तिचा जीव. त्या दिवशी तिच्या पुढं कुणीतरी गाईचं दूध घातलं. मग रंगुबाईच्या वेळी मशीन अडकलं, पडद्यावर 'बायडाबाई' अशी लाल पट्टी आली, सॉफ्टवेअर न थांबता पुढं गेलं, आणि म्हशीच्या घट्ट दुधाला पावतीवर गाईची पातळ फॅट छापून आली. पुन्हा दोनदा तसंच झालं. रंगुबाईला वाचता येत नाही, पण नातीनं वाचून दाखवलं. मग काय विचारता!

"माझी फॅट गेली कुटं? तितंच लिव्हलंय की! बायडाबाई!"

गावाला पटायला वेळ लागला नाही. सॉफ्टवेअर बायडाबाईची लेक लिहिते, पडद्यावर बायडाबाईचं नाव येतं, आणि त्याच घडीला रंगुबाईची फॅट पडते. म्हणजे लेकीनं शेजारणीची फॅट आईच्या खात्यात वळवली. इतकी सरळ गोष्ट. रंगुबाई दुधाची किटली घेऊन थेट संघाच्या ऑफिसात गेली आणि अध्यक्षांच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "पिऊन सांगा, ह्ये गाईचं हाय व्हय?"

त्या संध्याकाळी मनकर्णाला आईचा फोन आला. मी शेजारीच कणीक मळत होते. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मने, तू माझं नाव तितं कशापायी घातलं गं? रांगंत कुनी बोलत न्हाई माझ्याशी. रंगुबाईनं तोंड फिरीवलं. म्या कुनाचं थेंबभर न्हाई घेतलं गं आजवर."

मनकर्णानं फोन ठेवला, लॅपटॉप उघडला आणि सर्च मारला, 'बायडाबाई'. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. दोन जागा आल्या. एक तिची, जुनी. एक नव्या पडद्यातली. एक नाव, एक जागा. हा नियम मोडणारा माणूस आमच्याच खोलीत, तिच्याच कॉटवर, मोबाईल बघत पडला होता.

स्नेहल रडली. तिला रडताही छान येतं. "ताई, सरांनी सांगितलं होतं. नाव बदलायचं राहून गेलं. मला वाटलं नव्हतं असं काही होईल."

"उद्या अध्यक्ष येणार आहेत. त्यांच्यासमोर एवढंच सांग. माझ्यासाठी नको, माझ्या आईसाठी सांग. तिला त्याच रांगेत उभं राहायचंय."

"सांगते ताई. तुमची शपथ."

मनकर्णानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. वर मला म्हणाली, "बघ, लहान आहे अजून. घाबरली होती."

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले, सोबत संघाची दोन-चार माणसं. चहा घेऊन मी आत गेले आणि तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले. मला कुणी बाहेर जा म्हटलं नाही.

"ही बायडाबाई कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

सर म्हणाले, "मॅडमच्या आई."

मी चमकले. इतक्या वर्षांत सरांनी तिला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. संघाच्या माणसांपैकी एक जण फिस्सकन हसला.

मनकर्णानं शांतपणे सांगितलं की माझ्या कोडमध्ये या नावापाशी सॉफ्टवेअर थांबतं, पुढं जात नाही. रंगुबाईंना जे दिसलं ते नव्या पडद्यावरचं. तिथं हेच नाव पुन्हा आलंय.

"दाखवूनच देतो," सर म्हणाले. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून भिंतीवर दाखवला. "साहेब, मॅडमचाच नियम आहे. एक नाव, एक जागा. नावावरून माणूस लगेच सापडतो."

सर्च मारला. एकच जागा आली. तिची.

आदल्या संध्याकाळी दोन जागा मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या होत्या. नव्या पडद्यातली ती ओळ कुणीतरी सकाळी लवकर येऊन पुसली होती. मनकर्णानं स्नेहलकडे बघितलं. स्नेहल हातातल्या पेनाचं टोपण लावत होती, काढत होती. तिनं मान वर केली नाही.

"स्नेहल," मनकर्णा म्हणाली. "सांग ना."

"मला काही माहीत नाही, मॅडम."

मनूताई नाही, मॅडम. दोघांनी मिळून ठरवलंच असावं.

मनकर्णा म्हणाली, "सर, कोडचा इतिहास उघडा. काल काय होतं, आज कुणी पुसलं, सगळं तिथं राहतं. एक मिनिट लागेल." मी म्हणाले, "मीपण बघितलंय काल." सरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू चहाची किटलीच बोलली. "निकिता, कप उचल," म्हणाले, आणि अध्यक्षांकडे वळले. "साहेब, चारचौघांत आमच्या घरचं कशाला काढायचं? घरच्या माणसांची नावं घालू नका, म्हणून मी कितीदा सांगितलं होतं. उद्यापासून हे काम मॅडमकडे नसेल."

अध्यक्षांना एवढंच हवं होतं. चूक सापडली, माणूस सापडला, चहा संपला.

पाहुणे गेल्यावर सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार नीट लागत नाही त्या केबिनचं. सर म्हणत होते, "मला माहीत आहे गं तुझं नाही ते. पण नव्या पडद्यात आधीच्याची फॅट लावायला मी सांगितलं, हे संघाला कळलं तर संघ जाईल. मग सगळ्यांच्या पोटावर पाय. तू समजूतदार आहेस."

मनकर्णानं भांडावं, टेबल उलथून टाकावं, असं मला फार वाटत होतं. ती म्हणाली, "मला काढा, सर. चालेल. फक्त मिरजगावला एक फोन करा. भागवतला सांगा की बायडाबाईंनी कुणाची फॅट नेली नाही. बाकी काही नको."

"करतो. आजच करतो."

तो फोन झाला नाही. मी बसायचे तिथूनच सगळे फोन जायचे, म्हणून मला माहीत आहे. मी आठवण केली, तर म्हणाले, "तू तुझं काम बघ." मग मीच फोन केला. भागवत म्हणाला, "तुमी तिच्या मैतरीन ना? मग तुमी तसंच म्हननार की." पुढच्या महिन्यात मी तिथलं काम सोडलं. स्नेहल त्याआधीच खोली सोडून गेली होती, स्वेटर अंगावर घालून. आता ती तिथली प्रमुख आहे. लोक म्हणतात, तिचाही नाइलाज होता. असेल. माझ्याच्यानं तिला माफ करवत नाही. मनूनं केलं असेल तर तिचं ती जाणे.

मनकर्णाला एमआयडीसीत बिलांच्या सॉफ्टवेअरचं काम मिळालं. नियम तेच पाळते, सलग वाक्य, शोधून मग खूण. पण खूण म्हणून आता आकडे घालते. नाव कुणाचंच घालत नाही.

दिवाळीला ती मला मिरजगावला घेऊन गेली. संध्याकाळी बायडाबाई दूध घालायला निघाल्या, तर आम्हीही सोबत गेलो. केंद्र हायवेच्या कडेलाच. रांगेत आमच्या पुढं कानिफनाथ नावाचे एक गृहस्थ होते, मागं काही माणसं सोडून रंगुबाई. बायडाबाईंशी कुणी वाकडं बोलत नव्हतं, पण त्या पूर्वीसारख्या कुणाला आंधळ्या म्हणत नव्हत्या. किटली पोटाशी धरून उभ्या होत्या.

कानिफनाथांच्या गाईला तीन पॉइंट चार लागली. मग बायडाबाईंचा नमुना लावला. मशीनचा दिवा लुकलुकला आणि तसाच राहिला. पडदा क्षणभर अडला. मनकर्णा पुढं झुकली. मलासुद्धा वाटलं, आता लाल पट्टी येणार. काही आलं नाही. पडद्यावर तीन पॉइंट चार उमटलं, पावती छापून आली, भागवतनं पुढच्याला हाक मारली.

मनकर्णानं जे ओळखलं ते मलाही कळलं. त्यांनी पुसलं होतं ते फक्त वाक्य. आधीच्याची फॅट लावणं चालूच होतं. फक्त आता गाईला गाईची लावत असणार, म्हणजे कुणाला संशय येऊ नये. आणि लॉगमध्ये त्याची एक ओळसुद्धा नसणार. कुणीही, कितीही शोधलं, तरी काही सापडणार नव्हतं.

"भागवतदादा, नमुना परत लावा," ती म्हणाली. "आईच्या गाईला चारच्या खाली कधी लागत नाही. मशीननं मोजलंच नाही हे."

"कशाला ताई? छापली की पावती." भागवत मोकळेपणानं हसला. त्याच्या मनात काही नव्हतं. "खरं सांगू का, तुमी सोडल्यापासनं लई झ्याक चाललंय बघा. बायडाबाई येकदाबी आली न्हाई पडद्यावर."

रांग हसली. मनकर्णानं पुन्हा तोंड उघडलं, तोच बायडाबाईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला रस्त्यापर्यंत ओढत आणलं.

"आई, तुझं दूध मोजलं नाही त्यांनी. खोटा आकडा आहे तो."

"कळतंय मला. माझी गाय मला म्हाईत न्हाई व्हय?"

"मग बोलू दे ना मला!"

"नगं." बायडाबाईंनी पावतीची घडी करून कमरेला खोचली. "लागू दी कमी. कमी लागली की रंगुबाई बोलती माझ्याशी."

थोड्या वेळानं मागून रंगुबाईची हाक आली, "थांब गं बायडे, संगं जाऊ." बायडाबाई वळल्या. त्यांचा चेहरा उजळला. रिकामी किटली लेकीच्या हातात देऊन त्या रंगुबाईबरोबर पुढं चालायला लागल्या, आणि आम्ही दोघी त्यांच्या मागून निघालो.